उभ्या ठेवलेल्या राइडिंग मोअरच्या इंजिनात पेट्रोल शिरलं? या चुका टाळा

गवत वाढायचं थांबलं की राइडिंग मोअर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) शेडमध्ये जातो आणि तीन-चार महिने त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. मग एक दिवस किल्ली फिरवावी, तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो किंवा इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. पेट्रोलचा उग्र वास येत असतो. टाकी काठोकाठ भरून ठेवली होती, ती आता बरीच खाली गेलेली असते. जमिनीवर मात्र ओलसुद्धा नसते. ते पेट्रोल इंजिनाच्या पोटात गेलेलं असतं.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. बॅटरी उतरली असं समजून लोक दुसरी बॅटरी जोडतात आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात. पण पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल साठलं असेल तर पिस्टनला वर जायला जागाच नसते. हवा दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. जोर लावत राहिलं तर पिस्टनला धरणारा दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकू शकतो आणि साध्या साफसफाईचं काम इंजिन खोलण्यावर जातं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: लांबच्या मुक्कामानंतर किल्लीला हात लावण्याआधी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं असेल, पाण्यासारखं पातळ झालं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर तपास तिथेच संपला. ‘नुसतं शेडबाहेर काढण्यापुरतं’ म्हणूनही ते इंजिन सुरू करू नका. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलमध्ये वंगण राहत नाही आणि बेअरिंग फार लवकर झिजतात.

पेट्रोल आत जातं कसं

बऱ्याच मोअरमध्ये टाकी कार्बोरेटरपेक्षा, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागापेक्षा, उंचावर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येतं. त्याला अडवते ती फ्लोटवर (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागावर) टेकलेली एक छोटी नीडल, म्हणजे टोकदार सुई. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरला की फ्लोट वर येतो आणि नीडल आपल्या सीटवर, म्हणजे पेट्रोल येण्याच्या भोकाच्या कडेवर, बसून वाट बंद करते. इंजिन चालू असताना हे काम ती उत्तम करते. पण महिनोन्‌महिने भरल्या टाकीचं वजन अडवून धरायला ती बनवलेली नाही. तिच्या टोकावर केसाएवढा कचरा अडकला, रबर कडक झालं किंवा त्यावर खाच पडली, तरी थेंब थेंब गळती सुरू होते. चेंबर ओसंडतो, पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून पिस्टन रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं. थेंबाथेंबाने म्हटलं तरी मध्ये महिने जातात.

किल्ली बंद केली म्हणजे पेट्रोल बंद झालं, हा गैरसमज मला सगळीकडे भेटतो. त्याला कारण आहे कार्बोरेटरच्या तळाशी बसवलेला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप. तो खरंच किल्लीबरोबर बंद होतो, पण तो फक्त मेन जेट (चेंबरमधून इंजिनाकडे पेट्रोल जाण्याचं मुख्य छिद्र) अडवतो, इंजिन बंद करताना सायलेन्सरमध्ये फटाका वाजू नये म्हणून. टाकीतून चेंबरकडे येणारी वाट तो बंद करत नाही.

साठलेलं पेट्रोल काढताना

हे काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचू शकते. टाकीकडून येणारी नळी आधी बंद करा, नीट चिमटा लावलात तरी चालेल. मग स्पार्क प्लग काढा. दोन सिलिंडरचं इंजिन असेल तर दोन्ही काढा. प्लगची वायर इंजिनाच्या धातूला जोडून ठेवा. ती मोकळी लोंबत राहिली आणि तिथे ठिणगी पडली, तर उडणारं पेट्रोल पेट घेईल. पहिले काही फेरे हाताने फिरवा, नंतर हलकेच सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पिचकारी उडते, त्यामुळे समोर उभं राहू नका. पेट्रोल यायचं थांबलं की भोक थोडा वेळ उघडंच ठेवा, म्हणजे उरलेली ओल उडून जाईल. मग ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. एअर फिल्टर भिजला असेल तर तोही.

इथवर येऊन थांबणं ही दुसरी मोठी चूक. माझ्याकडून ती झाली आहे. नवं ऑइल भरलं, इंजिन झकास चाललं आणि मी समाधानाने झाकण लावलं. पंधरा दिवसांनी डिपस्टिक पुन्हा वरच्या खुणेच्या वर होती. कार्बोरेटर उघडला तेव्हा सीटमध्ये पेट्रोलच्या जुन्या नळीतून सुटलेला रबराचा बारीकसा काळा तुकडा निघाला. म्हणून नीडल बदलताना फुगलेली, आतून सुटणारी नळी आणि पेट्रोल फिल्टरही बदला. नाहीतर नव्या नीडलखाली तोच कचरा येऊन बसतो.

कार्बोरेटर उघडल्यावर नीडलचं टोक उजेडात धरून बघा. गोल खाच दिसली की ती टाकून द्या. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ वाजलं तर त्यात पेट्रोल शिरलंय आणि तो पुरेसा वर येणार नाही. सीट तारेने किंवा खिळ्याने खरवडू नका, एक ओरखडासुद्धा कायमची गळती देतो. कार्ब क्लीनर आणि कापसाची काडी पुरते. जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोल येण्याच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा आत जाता कामा नये. चेंबरला बाहेरून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं की अडकलेला फ्लोट सुटतो हे खरं, पण तो उपाय त्या दिवसापुरताच.

नीडलचा दोष नसतानाही

टाकी कार्बोरेटरच्या खाली असेल तर तिथे इंजिनाच्या दाबावर चालणारा पंप असतो. त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल दाबाच्या नळीतून थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या पोटात, जातं. ऑइल उभ्या यंत्रात न वाढता चालवल्यावर वाढत असेल, तर आधी ही नळी काढून बघा. आतून पेट्रोलने ओली असेल तर पंप बदलायचा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही तपासा. ते बुजलं आणि शेड उन्हात तापली की टाकीत दाब साठतो आणि चांगली नीडलही ढकलली जाते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर ओळखावं.

पुढच्या मुक्कामाआधी

टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये पेट्रोल कॉक (पेट्रोल बंद-चालू करायची तोटी) बसवा. बहुतेक मोअरच्या नळीला १/४ इंची कॉक बसतो. जागा अशी निवडा की हात सहज पोचेल आणि सायलेन्सर दूर राहील. ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे चेंबरही रिकामा होतो. टाकीत पेट्रोल ठेवायचं असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून, कॉक बंद करण्याआधी १० मिनिटं इंजिन चालवा. नुसतं टाकीत ओतलं तर ते कार्बोरेटरपर्यंत पोचत नाही.

दुरुस्ती टिकली का, याचा पहिला अंदाज कॉक उघडा ठेवून एका रात्रीत येतो. संध्याकाळी सपाट जागेवर ऑइलची पातळी बघून ठेवा, सकाळी किल्ली फिरवण्याआधी पुन्हा बघा. तसूभर जरी वाढली असेल तर नीडल अजून बसत नाहीये.

आणि काढलेलं पेट्रोलमिश्रित ऑइल साध्या जळक्या ऑइलच्या डब्यात ओतू नका. ते पटकन पेट घेतं. वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वर तसं लिहा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्याला देताना त्यात पेट्रोल आहे हे तोंडाने सांगा.