घरचा सर्व्हर, कूलरपासून लांब

सर्व्हर म्हणजे घरच्या फाइली, फोटो ठेवायला सतत चालू राहणारा संगणक. नवा घेऊ नका. मी नागपूरच्या बर्डी बाजारातून ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसी आणला: ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. दुकानातच चालू करून पाहा, पंखा घरघरला तर परत ठेवा. रिकामा असताना १० वॉट खाल्ले, तरी महिन्याला सातेक युनिट.

पेनड्राइव्हवरून उबुंटू सर्व्हर ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. विचारेल तेव्हा ओपनएसएसएचवर खूण करा, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून तो चालवता येतो, पुढे स्क्रीन, कीबोर्ड लागत नाही. मग राउटरमध्ये त्याचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला पत्ता, पक्का करा. हे मी विसरलो, अन् लाइट जाऊन आल्यावर अर्धा दिवस सर्व्हरच सापडेना! मग दोन प्रोग्राम टाकले: घरातल्या बाकी संगणकांवरून फाइली उघडायला सांबा, फोटोंसाठी इमिच.

जागेचं मात्र नीट ऐका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून मी शहाण्यासारखा डबा कूलरसमोर ठेवला. पंधरा दिवसांत पोर्टवर हिरवट गंज! ओली हवा, वर वाळ्याचा भुसा. आता तो आतल्या खोलीत, उघड्या फळीवर आहे. सोबत छोटा यूपीएस.

घराबाहेरून सर्व्हर वापरायचा तर राउटरचे पोर्ट (इंटरनेटवरून आत यायच्या वाटा) उघडू नका, टेलस्केल वापरा; ते फक्त तुमच्या उपकरणांना खासगी नेटवर्कने जोडतं. फोटोंची एक प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर. माझी ताईकडे असते.