दमट उन्हाळ्यात पुण्यात घराबाहेर वावरताना अंग थंड कसे ठेवावे

पुण्यात उन्हाळ्याचे दोन भाग पडतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंतचा उन्हाळा कोरडा असतो. पारा चाळिशीच्या आसपास जातो, झळा लागतात, ओठ फुटतात. पण झाडाखाली उभे राहिले की हायसे वाटते आणि रात्री उशिरा का होईना, हवा निवते. मेच्या उत्तरार्धात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर हवेतील बाष्प वाढू लागते, दुपारनंतर ढग जमतात, एखादा वळीव पडून जातो, आणि तापमान तीन-चार अंशांनी उतरलेले असूनही जीव अधिक कासावीस होतो. मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत ही स्थिती टिकते. पुणेकर कोरड्या उन्हाला सरावलेले असतात आणि बहुतेकांची उन्हाळ्याची तयारी त्याच उन्हासाठी केलेली असते. दमट दिवसांत त्या तयारीतील काही गोष्टी उपयोगी पडतात, तर काही निरुपयोगी ठरतात. त्या कोणत्या, हे घामाचे काम समजले की आपोआप लक्षात येते.

घाम येण्याने अंग थंड होत नाही. तो सुकण्याने होते. एक लिटर घाम त्वचेवरच वाळला, तर तो शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम हनुवटीवरून ठिबकला किंवा सदऱ्यात मुरून राहिला, तर शरीरातील पाणी आणि मीठ खर्च होऊनही हाती फारसे काही लागत नाही. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल, तर घाम सुकण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच 38 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असलेली दुपार सावलीत साधारण 37 अंशांसारखी भासते, तर 34 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेची दुपार सुमारे 42 अंशांसारखी भासते. उन्हात थेट उभे राहिल्यास यात आणखी काही अंशांची भर पडते.

बाहेर पडण्यापूर्वी मोबाइलवर केवळ तापमान पाहणे त्यामुळे अपुरे आहे. सापेक्ष आर्द्रतेचा आकडाही फसवा असतो, कारण तो पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी कमी दिसतो. त्याऐवजी दवबिंदू तापमान, म्हणजे हवा जेवढी निवली की तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते ते तापमान, पाहावे. ते 15 अंशांच्या खाली असेल, तर घाम झटपट सुकेल. 20 च्या वर गेले की चिकचिक सुरू होते. 24 च्या पुढे अंगमेहनतीची कामे शक्यतो पुढे ढकलावीत. हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी कमाल तापमान किमान 40 अंशांपर्यंत जावे लागते. म्हणजेच 35 अंशांच्या दमट दुपारी लाटेचा इशारा नाही, एवढ्यावरून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

वेळ आणि जागा

दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाऊ नये, ही सूचना सर्वांना पाठ असते. पुण्यात कमाल तापमान बहुधा तीनच्या सुमारास नोंदले जाते आणि डांबर, काँक्रीट व पत्रे त्यानंतरही बराच वेळ तापलेले राहतात, त्यामुळे ही मर्यादा साडेचार-पाचपर्यंत वाढवणे शहाणपणाचे आहे. मंडईतील खरेदी, बँकेतील काम, टेकडीवरचा फेरफटका यांसाठी सकाळी नऊच्या आतली वेळ उत्तम. सकाळी हवा ओलसर असली, तरी ती मुळात थंड असते आणि उन्हाचा मारा नसतो.

वळिवानंतरचा पहिला तास मात्र अनेकांना चकवतो. पाऊस थांबतो, मातीचा वास येतो, माणसे उत्साहाने बाहेर पडतात. पण ढग सरून पुन्हा ऊन आले, की तापलेल्या रस्त्यावरचे पाणी वाफ होऊन वर येते, वारा पडलेला असतो आणि पाच मिनिटांत सदरा पाठीला चिकटतो. ढगांचा गडगडाट ऐकू येत असेल, तर टेकडीवर जाऊ नये आणि आडोशासाठी एकट्या झाडाखाली थांबू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे.

सावली निवडताना ती कशाची आहे, हे पाहावे. पत्र्याची शेड ऊन अडवते, पण स्वतः तापून डोक्यावर उष्णता टाकत राहते. अशा शेडखाली बसची वाट पाहण्यापेक्षा शेजारच्या वडाखाली उभे राहणे केव्हाही चांगले. झाडाची पाने बाष्प सोडत असल्याने फारशी तापत नाहीत. प्रभात रस्ता, विद्यापीठाचा परिसर किंवा एम्प्रेस गार्डन येथील जुन्या झाडांखाली हा फरक डोक्याच्या त्वचेला ताबडतोब जाणवतो. तरीही दमट हवेत गर्द सावलीपेक्षा वाहता वारा अधिक मोलाचा, असे माझे मत आहे. चारी बाजूंनी झुडपांनी वेढलेल्या बागेच्या कोपऱ्यातील बाक एप्रिलमध्ये सुखाचा वाटतो, पण जूनच्या आरंभी तेथे गुदमरायला होते. त्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेकडून येणारा वारा जेथे अडत नाही अशी जागा शोधावी: मुठेवरील एखाद्या पुलाचा पदपथ, वेताळ टेकडीचा उघडा माथा, पर्वतीवरील मोकळी बाजू. पर्वतीच्या पायऱ्या मात्र सावकाश चढाव्यात; वर वाऱ्यासाठी जायचे आणि चढताना अंगात तेवढीच उष्णता निर्माण करायची, यात काही फायदा नाही.

पेठांतील अरुंद गल्ल्या दिवसा सावली देतात, पण भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडतात आणि दाटीमुळे वारा फिरत नाही. तुळशीबागेत खरेदीला जायचेच असेल, तर संध्याकाळच्या गर्दीपेक्षा दुकाने उघडताना जावे.

कपडे आणि दुचाकी

सुती कपडे घालावेत हे खरे असले, तरी प्रत्येक सुती कापड सारखे नसते. जाड जीन्स किंवा घट्ट विणीचा सुती शर्ट घामाने भिजला, की तासन्‌तास ओला राहतो आणि त्वचेपर्यंत वारा पोचू देत नाही. मलमलीसारखे विरळ विणीचे, फिक्या रंगाचे आणि सैल कापड घ्यावे. अंग आणि कापड यांच्यात हवा खेळती राहिली पाहिजे. काखेत, कमरेला आणि मांड्यांना कापड घट्ट बसत असेल, तर तेथेच घामोळे उठते. पाठीवरची सॅक हा दमट दिवसांतील मोठा शत्रू आहे, कारण ती पाठीचा मोठा भाग झाकून टाकते. शक्य असेल तेथे एका खांद्यावरची पिशवी वापरावी किंवा सॅक दुचाकीच्या हुकाला लावावी.

डोक्यापासून मानेपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ आणि वर पांढरा सनकोट हा पुण्यातील दुचाकीस्वार मुलींचा वेश बाहेरगावच्या लोकांना चमत्कारिक वाटतो, पण कोरड्या उन्हात तो अगदी योग्य आहे: ऊन त्वचेपर्यंत पोचत नाही आणि गाडी चालू असताना वारा आतला घाम सुकवतो. दमट दिवसांत अडचण सिग्नलला येते. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि हेल्मेटखाली दोन-तीन पदरी गुंडाळलेला स्कार्फ भिजून चिंब होतो. त्यासाठी एकच पदर राहील असा पातळ स्कार्फ घ्यावा, सनकोट एक माप मोठा घ्यावा आणि मुक्कामी पोचताच दोन्ही काढून दोरीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकावेत. डिकीत कोंबलेला ओला स्कार्फ संध्याकाळी पुन्हा बांधणे म्हणजे घामोळ्याला आमंत्रण. हेल्मेट मात्र कोणत्याही हवेत काढू नये.

चारचाकी वापरणाऱ्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढू शकते. लहान मूल किंवा प्राणी गाडीत ठेवून पाच मिनिटांच्या कामासाठीही उतरू नये.

पाण्याने बाहेरून गार होणे

घाम सुकत नसेल, तर थंडावा पाण्याच्या स्पर्शातूनच मिळवावा लागतो, आणि दमट हवेतील हा सर्वांत उपयोगी उपाय सर्वांत कमी वापरला जातो. कोरड्या हवेत ओला पंचा मानेवर टाकला, की तो वाळताना आपोआप गार राहतो. दमट हवेत तो काही मिनिटांत अंगाइतका कोमट होतो आणि नंतर नुसता ओझे बनतो. म्हणून तो टाकून ठेवू नये; पुन्हा पुन्हा माठातल्या पाण्यात बुडवावा, पिळावा आणि मान, चेहरा व हात पुसून घ्यावेत.

त्याहून प्रभावी उपाय म्हणजे दोन्ही हात कोपरापर्यंत थंड पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून बसणे. तळहात आणि हाताच्या पुढच्या भागात त्वचेलगत भरपूर रक्त खेळते, ते पाण्यात गार होऊन शरीरभर फिरते आणि आतले तापमान खरोखरच उतरते. अग्निशमन दलांचे जवान आणि सैनिक यांच्यासाठी ही पद्धत मुद्दाम वापरली जाते. बांधकामाच्या जागी, भाजीच्या गाळ्यावर किंवा क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला एक टब आणि थोडा बर्फ ठेवणे कोणालाही परवडण्यासारखे आहे. ज्यांच्या हाताखाली माणसे उन्हात काम करतात, त्यांनी तर हे करायलाच हवे. काम नवे असेल, तर पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावू नये. शरीराला उष्णतेची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

काय प्यावे, किती प्यावे

बाहेर काम करताना किंवा चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये, विशेषतः वयस्कर मंडळींनी, कारण त्यांची तहानेची जाणीव मंदावलेली असते. मात्र तासाला दीड लिटरपेक्षा अधिक पाणी रिचवू नये. घामातून मीठ जात असताना केवळ पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ सुरू होतो. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी पाणी-मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मीठ परत मिळवण्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात सर्व काही आहे. जिरेपूड आणि मीठ घातलेले पातळ ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत, लिंबू सरबत यांपैकी काहीही चालते. फक्त साखरेचा हात आखडता आणि चिमूटभर मीठ न विसरता. फार घाम गेला असेल, तर ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, बहुधा एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवून प्यावे. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. रसवंतीवरचा उसाचा रस लिंबू, आले आणि मीठ घालून, पण बर्फाशिवाय घ्यावा. तेथील बर्फ कोणत्या पाण्याचा असतो, हे सहसा कळत नाही. मस्तानी ही चैन आहे, ती अवश्य करावी, पण तिला उन्हावरचा उतारा समजू नये. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, ही समजूतही सोडून द्यावी. कांदा जेवणात घ्यावा.

मेमधील लग्नसराईबद्दल येथे दोन शब्द आवश्यक आहेत. शालू, शेरवानी, फेटा, वर दुपारची वरात आणि त्यात नाच, असा सगळा प्रकार घाम सुकू न देण्यासाठीच योजल्यासारखा असतो. वरात संध्याकाळी काढावी. ते जमत नसेल, तर अंतर कमी करावे आणि कार्यालयाच्या दाराशी सरबताबरोबर मीठ घातलेले ताकही ठेवावे. पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालण्याचा बेत असेल, तर दिवे घाटाच्या चढाचा विचार आधीच करावा. पाऊस लांबलेला असेल, तर घाटात दमटपणा आणि ऊन दोन्ही असतात. पायथ्याशी थांबून, पाणी पिऊन, डोके भिजवून मगच चढाला लागावे आणि गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालावे. श्वास लागून बोलणे तुटू लागले, तर वेग जास्त आहे.

ऊन लागल्यास

पायात गोळे येणे, चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही लक्षणे दिसताच काम थांबवून वारा खेळता असलेल्या सावलीत बसावे, कपडे सैल करावेत, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यावे आणि हात-तोंड गार पाण्याने भिजवावे. अर्ध्या तासात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडी पडलेली असलीच पाहिजे असे नाही. कष्टाचे काम करताना उष्माघात झालेल्या माणसाला घाम येत असू शकतो, आणि या एका गैरसमजामुळे मोलाचा वेळ वाया जातो. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हातावर हात धरून बसू नये: वरचे कपडे काढावेत, अंगभर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि बर्फ मिळाला तर तो कापडात गुंडाळून मान, काखा व जांघांत ठेवावा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये. या तापावर तिचा उपयोग होत नाही. रुग्ण मध्येच सावध झाला, तरी त्याला घरी न नेता रुग्णालयातच न्यावे, आणि तो किती वेळ उन्हात होता, काय प्यायला होता व कोणती औषधे घेतो, हे माहीत असलेल्या माणसाने बरोबर जावे.