माहा ब्लांका, लातिकसकट
माहा ब्लांका म्हणजे नारळाच्या रसाच्या, खरवसासारख्या थरथरणाऱ्या पांढऱ्या वड्या. फिलिपिन्समध्ये नाताळाला, वाढदिवसाला हमखास होतात. नाव स्पॅनिश 'मांहार ब्लांको'वरून आलं. तो पदार्थ बदामाच्या दुधाचा. स्पेनचं राज्य होतं तेव्हा (१५६५ ते १८९८) बदामाची जागा तिथल्या नारळाने घेतली.

दुबईत ऑफिसातली फिलिपिनो मैत्रीण डब्यातून आणायची, तेव्हापासून मी ही करते आहे. वड्या कोणालाही जमतात. जीव काढतं ते वरचं लातिक, म्हणून आधी तेच.

घट्ट नारळरस आटवत राहिलं की तेल सुटतं आणि तळाशी कण उरतात. ते खमंग तांबूस झाले की लातिक. लोणी कढवल्यावर उरते ती बेरी आठवा, तसंच; फक्त नारळाचं. (हे फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या लुझॉन बेटाकडचं. विसायाज बेटांवर लातिक म्हटलं की नारळरस आणि गुळाचा पाक समोर येतो, गोंधळू नका.)

माझी पहिली तीन लातिकं वाया गेली, त्यातली दोन विकतच्या डबाबंद नारळाच्या दुधामुळे. तासभर ढवळलं, हाती पांढरी खळ आली, तेलाचा थेंब नाही. दूध आणि तेल वेगळं होऊ नये म्हणून त्या डब्यात मुद्दाम पदार्थ घातलेले असतात, आणि आपल्याला तर ते वेगळंच करायचं असतं. तेव्हा नारळ फोडा. तीन नारळ खोवा, थोड्या कोमट पाण्यात वाटून पिळा. या पहिल्या रसातला दीड वाटी लातिकसाठी बाजूला काढा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा रस काढा आणि उरलेल्या पहिल्या रसात मिसळा. हा एकूण पाऊण लिटर हवा.

लातिकचा रस जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवा. उकळेल, दाटेल, मग दह्यासारखा फाटल्यागत दिसेल. फाटला म्हणून टाकून देऊ नका, हेच हवं आहे. कडेने तेल दिसलं की आच अगदी मंद करा आणि तळ खरवडत राहा. इथून कढई सोडायची नाही. अर्धा तास काही घडत नाही आणि शेवटच्या दोन मिनिटांत सगळं घडतं. माझं तिसरं लातिक कुकरची शिट्टी बंद करायला वळले तेवढ्यात जळलं.

कण मधाच्या रंगाचे झाले की लगेच गाळणीवर ओता. 'छान तपकिरी होईपर्यंत परता' असं लिहिणाऱ्यांनी ते स्वतः केलेलं नसावं. गरम तेलात कण विस्तवावरून उतरल्यावरही भाजत राहतात. कढईतच तपकिरी झालेलं लातिक ताटात कडू लागतं. आच मोठी करून वेळ वाचवायला गेलात तर बाहेरून काळं, आतून पिठूळ. आणि वरून भाजलेला खोबऱ्याचा कीस भुरभुरलात तर खुशाल खा, पण त्याला लातिक म्हणू नका.

गाळलेलं तेल ताटाला लावा.

आता वड्या. पाव लिटर थंड दुधात १०० ग्रॅम कॉर्नफ्लोअर कालवा. पांढरं, स्टार्चवालं, मक्याचं पिवळं पीठ चालणार नाही. पाऊण लिटर नारळरस, १५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ गरम करा, वाटीभर उकडलेले मक्याचे दाणे टाका. कालवण पुन्हा हलवून घ्या (कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं), धार धरून ओता आणि ढवळत राहा. पाम्पांगा प्रांतात असाच पदार्थ म्हशीच्या दुधाचा करतात, त्याला 'तिबोक-तिबोक' म्हणतात, म्हणजे हृदयाची धडधड. मिश्रण घट्ट होऊन तसे बुडबुडे फुटू लागले की आणखी तीन मिनिटं शिजवा. आधी उतरवलंत तर पिठाची चव राहते आणि वडी पडत नाही. ताटात ओता, निवलं की दोन-तीन तास फ्रिजमध्ये.

वेलची घालायचा मोह आवरा. केशरही नको. नारळाचाच वास यायला हवा.

लातिक वाढतानाच पेरा, आधी पेरलंत तर ओल धरून मऊ पडतं. वड्या दोन दिवसांत संपवा. उरलेल्या तेलावर मी दुसऱ्या दिवशी आंबोळ्या घालते.