कार्डचा आवाज असा कमी केला

माझं ग्राफिक्स कार्ड ३२० वॅटचं, गेम चालू केला की फॅन इतके बोंबलायचे की हेडफोन घालूनही ऐकू यायचं आणि मे महिन्यात तर अख्खी खोली तापायची. धूळ काढली, थोडाच फरक. खरं काम केलं अंडरव्होल्टने, म्हणजे कार्डच्या चिपला मिळणारं व्होल्टेज कमी करण्याने. आफ्टरबर्नर या कार्डची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती वेग, याचा आलेख) उघडला, ८५० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झला नेला, पुढची सगळी लाईन सपाट करून अप्लाय केलं. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते ना, म्हणून व्होल्टेज थोडं उतरवलं तरी वॅट बरेच उतरतात, फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र जवळपास तेवढ्याच. गेम क्रॅश झाला तर २५ मिलिव्होल्ट वाढवा, प्रत्येक चिप वेगळी असते. कार्ड खोलून थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) बदलायच्या आधी हे नक्की करून बघा.