‘गोल्डन अवर’ ऐकायचा कसा? हवाइयन गिटारवाल्याचा सल्ला

अमेरिकेतलं कंट्री म्युझिक म्हणजे टोपी, घोडा आणि दारूच्या ग्लासात गाळलेली टिपं, एवढ्यावरच ज्यांनी तो प्रकार निकालात काढलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. केसी मसग्रेव्ह्ज ही टेक्सासमधल्या गोल्डन नावाच्या छोट्या गावात वाढलेली गायिका. तिचा ‘गोल्डन अवर’ हा अल्बम २०१८ च्या मार्चमध्ये आला, कंट्री रेडिओनं त्याला फारसं जवळ केलं नाही, आणि २०१९ मध्ये ग्रॅमीत सगळ्या प्रकारांतला सर्वोत्कृष्ट अल्बम तोच ठरला. जुनं आणि नवं त्यात एकत्र आहे, हे कुणीही सांगेल. ते कानाला कसं पकडायचं, तेवढं मी सांगतो.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. साधे वायरवाले हेडफोन चालतील, पण हेडफोन हवेतच. कारण ज्या वाद्याच्या मागं तुम्हाला लावणार आहे, ते बऱ्याचदा मागं राहून वाजतं.

ते वाद्य म्हणजे पेडल स्टील. मी मिरजेत हवाइयन गिटार वाजवतो; व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डी घासून घासून हात बसवला. पेडल स्टील हे आमच्याच वाद्याचं पुढचं भावंड. आमच्याकडे गिटार आडवी ठेवून तारांवरून धातूचा रॉड सरकवला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम वर किंवा खाली जातात. रॉड तिरका धरून थोडी चलाखी करता येते, पण थोडीच. पेडल स्टीलला पायाशी पेडल आणि गुडघ्याशी दांडे असतात. ते दाबले की एखाद्याच तारेचा स्वर चढतो आणि शेजारची तार जागची हलत नाही. एक सूर स्थिर, दुसरा त्याच्याकडे मींड घेत निघालेला. शिवाय उजवा पाय आवाजाच्या पेडलवर. तार छेडल्याचा ‘टण्’ त्या पायानं लपवता येतो, मग गजानं वाजवल्यासारखा सूर अलगद उगवतो.

आता पहिलं गाणं सोडून थेट ‘ओह, व्हॉट अ वर्ल्ड’ लावा. सुरुवातीलाच यंत्र गातंय असं वाटेल. तो व्होकोडर: माणसाचा आवाज सिंथेसायझरच्या सुरांतून काढलेला. मग बँजो येतो. आपल्या बेंजो पार्टीतला बटणांचा नव्हे. हा गोल, कातडं ताणलेला, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वाद्यपरंपरेतून अमेरिकेत रुजलेला. हे गाणं तीनदा ऐका. एकदा फक्त व्होकोडर, एकदा फक्त बँजो, एकदा फक्त स्टील. चौथ्यांदा काहीच शोधू नका. माझ्या शिष्यांना मी असंच ऐकवतो. तिसऱ्या फेरीला बहुतेकांची मान हलायला लागते.

दुसरी कसोटी ‘हाय हॉर्स’. ठेका सरळसरळ डिस्कोचा. चाल पाठ झाली की गाणं बंद करा आणि साध्या गिटारवर, नसेल तर पेटीवर, संथ लयीत वाजवून बघा. ठेका गेला तरी गाणं उभं राहतं. स्वतःला जॉन वेन, म्हणजे सिनेमातला काउबॉय हिरो, समजणाऱ्या एका शहाण्याला तिनं घोड्यासकट गावाबाहेर काढलंय; एक टोमणा धरायचा आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही, ही कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलची जुनी लेखणी. या अल्बममध्ये ध्वनी नवा आहे, लिखाणाची शिस्त जुनी. म्हणून शब्द समोर ठेवूनच ऐका. ‘स्लो बर्न’मध्ये नाक टोचलं म्हणून आजी रडल्याचा उल्लेख येतो. आमच्याकडे आजीच धरून न्यायची नाक टोचायला!

‘मदर’ जेमतेम सव्वा मिनिटाचं आहे, ते गाळू नका. ‘व्हेल्वेट एल्विस’ गाळलंत तरी माझी हरकत नाही.

एवढं झाल्यावर कुणी ‘हे खरं कंट्री नव्हे’ म्हणालं, तर त्याला जुन्या कंट्री गायक वेब पिअर्सचं १९५४ चं ‘स्लोली’ ऐकवा. त्यात बड आयझॅक्सनं पेडल दाबून वाजता सूर वाकवला, आणि बाकीचे स्टीलवाले आपापल्या वाद्यांना पेडल जोडायच्या मागं लागले. आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती तेव्हाची कोरी करकरीत यंत्रकरामत होती. त्यानंतर सोल गायक रे चार्ल्सचा १९६२ चा ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ लावा. कंट्रीची गाणी, साथीला जॅझचा बिग बँड आणि व्हायोलिनांचा ताफा.

मग ‘गोल्डन अवर’ पहिल्या गाण्यापासून, क्रम न मोडता. तेरा गाणी आहेत, पाऊण तास लागतो. शफल बंद करायला विसरू नका. ‘रेनबो’ शेवटीच यायला हवं.