जामठ्यात भारत-श्रीलंका वनडे बघायला जाऊन राहिले? मग आधी हे वाचा

सिरीजचं वेळापत्रक आलं आणि त्यात नागपूरचं, म्हणजे जामठ्याच्या स्टेडियमचं, नाव दिसलं की पहिल्या तासाभरात सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न असतो, तिकिटं कधी सुटून राहिली. माझं म्हणणं उलटं आहे राजेहो. डे-नाइट वनडे म्हणजे घरून निघण्यापासून घरी पोचेपर्यंत बारा तासांचं काम, आणि त्यातला सगळ्यात वैतागाचा भाग म्हणजे रात्रीचं परतणं. म्हणून आधी परत कसं यायचं ते ठरवा, मग कुठं बसायचं, मग तिकीट.

त्याच्याही आधी एक बघून घ्या, सिरीजमधली कितवी मॅच आपल्या वाट्याला आली. २००५ मध्ये श्रीलंका आली तेव्हा सात वनडेंची सिरीज होती आणि पहिलीच नागपूरला, जामठा तेव्हा नव्हतंच, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) ग्राउंडवर झाली, कोपराच्या ऑपरेशननंतर सचिन परत आला तो त्याच मॅचला आणि ९३ करून गेला, इरफान पठाणला तीन नंबरवर पाठवलं तर त्यानं ८३ ठोकले, भारताचे ३५० झाले आणि श्रीलंका १५२ रननी हरली. पहिल्या मॅचला हे असं असते, दोन्ही टीम पूर्ण ताकदीनं उतरतात, कोणाला काही सिद्ध करायचं असते. आता सिरीज बहुतेक तीनच मॅचची असते आणि तिसरी आपल्याकडे असली, वर दोन मॅचमध्येच निकाल लागून गेला, तर मोठ्या नावांना आराम आणि बेंचवरच्या पोट्ट्यांना चान्स. मला ते आवडते, पण ज्यांना फक्त एखाद्या स्टारलाच बघायचं आहे त्यांनी तिसऱ्या मॅचचं महागडं तिकीट घेऊन मग कपाळाला हात लावू नये.

तिकिटं आता ऑनलाइनच सुटतात आणि चांगले स्टँड बघता बघता संपतात, तर लॉगिन, पेमेंटचं सगळं आदल्या रात्रीच तयार ठेवा. ऑनलाइन घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका, बऱ्याचदा कागदी तिकीट मॅचच्या आधी ठरलेल्या दिवसांत जाऊन घ्यावं लागते, त्याला आयडी लागते आणि लाइन लागते, तेव्हा ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो माणूस त्या दिवसांत शहरात असला पाहिजे एवढं बघा. तिकीट हातात आलं की फोटो काढून स्टेटसला टाकायची जी हौस असते ती आवरा, बारकोड दिसला की कोणीही त्याचा फायदा घेऊ शकते. आणि मॅचच्या दिवशी वर्धा रोडवर उभा राहून “भाऊ, दोन हाय, घेता का” म्हणणाऱ्यापासून दहा हात लांब, ते खरं निघालं तरी दुप्पट-तिप्पट पैसे गेले, खोटं निघालं तर गेटवरूनच वापस.

आता बसायचं कुठं. हा प्रश्न लोक फक्त पैशात मोजतात, तसं नसते. दुपारी दीडला मॅच सुरू झाली तर पहिली पूर्ण इनिंग उन्हात जाते, आणि ईस्ट बाजूला बसलेल्याच्या तोंडावर सूर्य मावळेपर्यंत सरळ ऊन. वेस्ट बाजूला ऊन पाठीमागून येते आणि सावलीही लवकर मिळते. घरच्यांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊन राहिले तर वेस्टच घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालते. खेळ म्हणाल तर बाजूच्या स्टँडमधून बॉल स्विंग होते का स्पिन होते काही म्हणजे काही कळत नाही, पण टप्पा कुठं पडला, बॅट्समन क्रीजमध्ये किती मागं गेला, कीपर किती पावलं पुढं आला हे असं दिसते की टीव्हीवर कधीच दिसत नाही. बॉलरच्या हाताच्या सरळ रेषेतली जागा मिळाली तर मग बॉल आत आला की बाहेर गेला ते पण दिसते. जामठ्याचं ग्राउंड मोठं आहे, बाउंड्री लांब आहेत, म्हणून इथं दोन-दोन रन पळण्यात खरी मजा आहे, वरच्या मजल्यावरून ते फार मस्त दिसते, डीप मिडविकेटचा फिल्डर निघाला कुठून आणि पोचला कुठं ते सगळं.

जाणं-येणं. स्टेडियम बर्डीपासून, म्हणजे शहराच्या मधल्या सीताबर्डीपासून, सतरा-अठरा किलोमीटरवर, वर्धा रोडला, शहराच्या पार बाहेर. सगळं शहर एकाच रस्त्यानं तिकडं निघते आणि मॅच संपली की तेच सगळं शहर एकाच वेळी त्याच रस्त्यानं वापस येते, चाळीसेक हजार लोकं, बाप्पा. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, तिथून स्टेडियम अजून पाच-सहा किलोमीटर राहते, म्हणजे पुढं बस नाहीतर ऑटो आलाच. मॅचच्या दिवशी मेट्रो रात्री उशिरापर्यंत चालवतात आणि खापरीपासून बस सोडतात, पण दरवेळचं टायमिंग वेगळं, पेपरात आदल्या दिवशी येते ते वाचून घ्या. माझ्या मते सगळ्यात बरा मार्ग हाच, गाडी आपल्या घराजवळच्या मेट्रो स्टेशनवर लावायची, खापरीला उतरायचं, पुढं बस. येताना खापरीला गर्दी असते पण ती निदान पुढं सरकत असते, पार्किंगमधली गर्दी सरकतच नाही.

गाडीच न्यायची असेल तर टू-व्हीलर न्या, आणि लावताना तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा, आपल्या आजूबाजूला काय आहे, खांब, बोर्ड, टपरी, त्याचा एक फोटो काढून ठेवा, कारण रात्री दहाला त्या मोकळ्या मैदानात सगळ्या ॲक्टिवा सारख्याच दिसतात. कारवाल्यांनी तीन-चार जण मिळून एक कार करा. हिंगण्याकडच्यांनी शहरातून यायची गरज नाही, आउटर रिंग रोड जामठ्यालाच लागतो. बुटीबोरी, वर्धा, हिंगणघाटची मंडळी त्या दिवशी आपल्यापेक्षा सुखी, त्यांचं तोंड उलट दिशेला. ओला-उबेरच्या भरवशावर रात्री राहू नका, ॲपवर गाडी दाखवते पण ड्रायव्हर त्या जाममध्ये येत नाही, काऊन येईल तो.

सोबत काय न्यायचं त्यापेक्षा काय न्यायचं नाही ते महत्त्वाचं. पाण्याची बाटली, बॅग, पॉवर बँक, लायटर, नाणी, हे गेटवर काढून ठेवायला लावतात आणि ठेवायला तिथं सोय असेलच असं नाही, मग पॉवर बँक कुंपणाजवळ टाकून आत जायचं जिवावर येते. म्हणून मोबाइल फुल चार्ज, थोडे नोटांचे पैसे, टोपी, रुमाल, तिकीट, आयडी, संपलं. हेल्मेट असेल तर गाडीलाच लॉक करा, हातात घेऊन गेटवर जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीची मॅच असली तर स्वेटर अंगावर किंवा कमरेला बांधून न्याच, दुपारी लोकं हसतील, रात्री आठनंतर त्या मोकळ्या रानात जी थंडी पडते तेव्हा तेच तुमच्याकडं बघतील. सकाळी तर्री पोहे दाबून खा पण निघायच्या आधी नीट जेवा, आत समोसा मिळते पण भाव आणि लाइन दोन्ही बघून भूक मरते. पाणी मात्र आत विकत घेऊन पीत राहा, टोपी असली तरी ऊन लागते.

गेटवर दीड तास आधी पोचा. टॉस अर्धा तास आधी असते आणि जामठ्यात, त्यातही थंडीच्या दिवसांत, टॉसवर पुढचं सगळं अवलंबून राहू शकते, ते काऊन ते सांगतो.

श्रीलंकेसोबतची सिरीज इथं खेळली की कोलंबोत, ह्यानं सगळं बदलते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपण तिकडं गेलो होतो, प्रेमदासा स्टेडियमवर तिन्ही मॅच, तिन्हीत श्रीलंकेची बॅटिंग पहिली आणि तिन्हीत आपल्याला नंतर खेळावं लागलं. पहिली २३० वर टाय, दुसरीत त्यांच्या स्पिनर वँडरसेनं ३३ रनमध्ये ६ घेतल्या आणि २४० चा स्कोअर आपल्याला झाला नाही, तिसरीत दुसऱ्या स्पिनरनं, वेल्लालगेनं, पाच घेऊन आपल्याला १३८ वर गुंडाळलं. २-० नं हरलो, १९९७ नंतर पहिल्यांदा त्यांनी आपल्याविरुद्ध वनडे सिरीज जिंकली. तिकडं संध्याकाळी जुन्या बॉलवर स्पिनरला खेळणं म्हणजे शिक्षा होती.

जामठ्यात हिवाळ्यात बऱ्याचदा उलटं होते, दव पडते, ओला बॉल बॉलरच्या हातून सटकते आणि नंतर बॅटिंग करणाऱ्याला सोपं जाते, म्हणून टॉस महत्त्वाचा. १८ डिसेंबर २००९ ची मॅच आठवा, तीन दिवस आधी राजकोटला आपण ४१४ करून श्रीलंकेला ४११ वर थांबवलं होतं, तीन रननी वाचलो होतो, आणि नागपूरला धोनीनं १०७ मारले, ३०१ झाले, लोकं खुश, आणि त्यांच्या दिलशाननं १२३ करून ते सगळं धुऊन टाकलं, तीन विकेट आणि पाच बॉल राखून ते जिंकले. वर ओव्हर वेळेत टाकल्या नाहीत म्हणून धोनीला दोन मॅचची बंदी, कटकला सेहवागनं कॅप्टनशिप केली. ओव्हर संथ होऊन राहिल्या हे ग्राउंडवर बसलेल्याला घड्याळ बघून कळू शकते, साडेतीन तासांत पन्नास ओव्हर हा हिशोब, दीडची मॅच असली तर पाचला पहिली इनिंग संपायला पाहिजे, पाचला बेचाळिसावीच चालू असेल तर समजा कॅप्टनच्या डोक्याला ताप आहे.

दव ओळखायचं कसं, ते टीव्हीवाले सांगतील म्हणून थांबू नका. इनिंग ब्रेकमध्ये खाली बघा, ग्राउंड्समन लांबच लांब दोरी दोन टोकांना धरून आउटफिल्डवरून ओढत नेतात, गवतावरचं पाणी झाडायला. मग सात-साडेसातच्या पुढं बॉल बाउंड्रीकडं गेला की लाइटमध्ये त्याच्यामागं गवतावर एक गडद रेघ राहते. फिल्डर बॉल परत फेकायच्या आधी पँटला पुसतो, बॉलर टॉवेल मागतो, स्पिनर हात मातीला घासतो, कीपर स्टंपमागं दोनदा ग्लोव्ह्ज झटकतो. हे दिसलं की समजा स्पिनरच्या बोटांतून बॉल सटकून राहिला, आता २८०-२९० चा स्कोअर २५० सारखा झाला. तुमच्या बाजूचा माणूस रिक्वायर्ड रेट बघून रडत असेल, त्याला रडू द्या.

ब्रेकच्या आधी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या दहा ओव्हरमध्ये पिचभोवती आखलेल्या तीस यार्डांच्या सर्कलच्या बाहेर दोनच फिल्डर, मग चाळीसपर्यंत चार, शेवटच्या दहात पाच. मधल्या तीस ओव्हर लोकं समोसे आणायला उठतात, मॅच तिथंच ठरत असते. आणि २०२५ पासून नियम बदलला, दोन्ही बाजूंनी नवे बॉल चौतीस ओव्हरपर्यंतच, मग दोन्हीतला एक फिल्डिंगवाल्यांनी निवडायचा आणि त्यावरच पुढचं खेळायचं, म्हणून चौतिसावी संपली की अंपायरजवळ कॅप्टन आणि बॉलर दोन्ही बॉल हातात घेऊन उलटेपालटे करून बघतात ते नक्की बघा, कोणता ठेवला त्यावरून ते रिव्हर्स स्विंगच्या विचारात आहे का स्पिनच्या ते कळते. शेवटच्या दहाचं म्हणाल तर २०११ च्या वर्ल्डकपला ह्याच जामठ्यात दक्षिण आफ्रिकेसमोर सचिनच्या १११ नंतर आपण एक बाद २६७ वरून २९६ ऑलआउट झालो, २९ रनमध्ये नऊ विकेट, आणि मॅच गेली. तेव्हा एक बाद अमुक बघून लवकर नाचू नका.

श्रीलंकेचे सपोर्टर थोडेच असतात पण असतात, झेंडा घेऊन, एका कोपऱ्यात. त्यांना त्रास देणारे पोट्टे दिसले तर दोन शब्द सुनवा. शेजारी आहेत ते आपले, आणि आपल्याला ज्या दिवशी हरवतात त्या दिवशी बहुतेक चांगलंच खेळून हरवतात. ५० आणि ५५ वर पण ऑलआउट झालेत ते आपल्यासमोर, २०२३ च्या एकाच मोसमात दोनदा.

मॅच संपली की लगेच धावू नका. प्रेझेंटेशन बघा, वीस-पंचवीस मिनिटं सीटवर बसा, पहिला लोंढा जाऊ द्या, मग निघा, तरी घरी जवळपास त्याच वेळेला पोचता आणि डोकं शांत राहते. फक्त मेट्रोनं जायचं असेल तर हे करू नका, शेवटच्या गाडीची वेळ बघून उठा, मॅच कितीही रंगात असली तरी. आणि लहान लेकरू सोबत असेल तर त्याच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका, बाथरूमला ब्रेकमध्ये नेऊ नका, ओव्हर चालू असताना न्या, आणि दुसऱ्या इनिंगच्या दुसऱ्या ड्रिंक्सला उठून सरळ घरी या, शेवटच्या ओव्हर मोबाइलवर बघता येतात.