लकवा झालेल्या माणसाचा ताप घरी कसा सांभाळायचा

पॅरालिसिसचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जातो. कपाळावर बर्फ ठेवा, तळपायाला कांदा चोळा, चादर पांघरून घाम काढा. यातलं काहीही करू नका. मेंदूला इजा झालेली असताना ताप वाढला तर ती इजाही वाढते. एरवी 'अंग जरा कोमट आहे' म्हणून आपण सोडून देतो, तेवढा ताप इथे सोडायचा नाही. 37.5 अंश सेल्सिअस, म्हणजे 99.5 फॅरनहाइटलाच सावध व्हायचं.

मी घरोघरी जाऊन असे पेशंट सांभाळते. खरा घोळ ताप मोजण्यातच होतो, आणि मलाही हे नीट जमायला वेळ लागला. थर्मामीटर तोंडात ठेवू नका. एका बाजूचा ओठ मिटत नाही, तोंड उघडं राहतं आणि आकडा कमी येतो. काखेत ठेवा, पण चांगल्या बाजूच्या काखेत. लुळी बाजू बऱ्याचदा गार लागते, शिवाय तो हात दाबून धरता येत नसल्याने काखेत फट राहते. बऱ्याच घरांत खाट भिंतीला टेकवलेली असते, चांगली बाजू भिंतीकडे जाते आणि सवयीने हाताजवळच्या लुळ्या काखेतच थर्मामीटर जातो. खाट पुढे ओढा. काखेतला घाम पुसा, पेशंटचं कोपर छातीशी धरून ठेवा आणि बीप होईपर्यंत सोडू नका. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा साधारण अर्धा अंश कमी असतो, तेव्हा 37.2 दिसलं तरी तासाभराने पुन्हा बघा.

आता आपल्या सोलापूरची अडचण. मे महिन्यात पारा 42-43 च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी धडधाकट माणसाचंही अंग तापतं. कपाळाला हात लावून काही कळत नाही. आधी अंगावरची जाड सोलापुरी चादर काढा, साधा सुती कपडा ठेवा, खिडकी उघडून कूलर लावा. वाऱ्याचा झोत थेट अंगावर नको. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडा उतरला तर खोलीचा उकाडा होता. नाही उतरला तर तो ताप आहे, कारण शोधायला लागा. पावसाळ्यात कूलरचा उपयोग नाही, पंखाच लावा.

पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात आणि अंतराने द्या. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने नको. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर जिवावर बेतेल. गिळताना ठसका लागत असेल तर कुठलीच गोळी तोंडातून देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा.

अंग पुसायला पातळ पंचा आणि साधं पाणी घ्या. दुपारी टाकीचं पाणी चटका देतं, म्हणून सकाळीच भरून ठेवा. पेशंट कुडकुडायला लागला की लगेच थांबा, कुडकुडण्याने अंगात उष्णता वाढतेच. आणि लुळ्या बाजूला गरम पिशवी कधीही नको. तिथे चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो.

गोळीने आकडा खाली आला म्हणून गप्प बसू नका. पाणी पिताना ठसका, छातीत घरघर, लघवीच्या पिशवीत गढूळपणा, कंबरेखाली लाल झालेली कातडी, सुजलेली पोटरी, सलाईन लावलेल्या जागेची सूज, हे सगळं रोज बघा. यातलं काही दिसलं किंवा ताप 38 च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पेशंट गुंगीत जातोय, श्वास वेगाने चालतोय किंवा पारा 40 ला टेकलाय, तर 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या पंच्याने अंग पुसत पंखा सुरू ठेवा.

सोबत एक वही ठेवा: वेळ, आकडा, कोणती काख, शेवटची गोळी किती वाजता. दवाखान्यात निघताना फाइलच्या आधी तीच पिशवीत टाका.